स्थूल शरीर आणि हृदयाचा ध्वनि

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची महती सांगणारी आहे. त्या जमिनींतलें सोनें म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानांतील कापसाला एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपूरपर्यंत पोंचली. अकोला रुळावरच आलें आणि अमरावती बडनेऱ्याच्या फांट्यानें जोडली गेली. या दोन गांवांच्या बाजारांत अडत्ये, दलाल, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखानदार यांची वर्दळ वाढली. शेतांत राबणाऱ्या कुणब्याबरोबरच, गादीवर लोडाला टेकून दिवसभर व्यवहार करणारा एक वर्ग या बाजारांतून दिसूं लागला. अशा माणसाचें अंग सुटलें तर कोणी त्यास रोग म्हणत नसे. 'खात्यापित्या घरचा' असेंच त्याचें कौतुक होई. काळजी वाटे ती वाळलेल्या, खंगलेल्या माणसाची.

असा एखादा खात्यापित्या घरचा माणूस डॉक्टरपुढें येऊन बसला म्हणजे एक गोष्ट बरोबरच्या मंडळींच्या लक्षांत येते. किरकोळ माणसाच्या छातीला डॉक्टरांनीं नळी लावली कीं काम चटकन आटोपतें. या माणसाच्या बाबतींत मात्र नळी इकडून तिकडे फिरत राहते. डॉक्टर त्यास डाव्या कुशीवर वळावयास सांगतात, पुढें वांकवितात, श्वास रोखून धरावयास लावतात. घरच्यांच्या मनांत पाल चुकचुकते कीं, डॉक्टरांना कांहीं तरी भयंकर सांपडलें असावें. पुष्कळदां खरी गोष्ट अगदीं उलट असते. डॉक्टरांना कांहींच सांपडलेलें नसतें, आणि म्हणूनच ते शोधीत असतात. हृदय आणि कान यांच्यामध्यें चरबीचा जो थर आडवा आलेला असतो, त्याच्याशीं ही झटापट चाललेली असते.

ही झटापट आजकालची नव्हे. छातीची नळी, जिला सारें जग स्टेथॉस्कोप म्हणतें, तिचा जन्मच मुळीं एका स्थूल रोग्यामुळें झाला. त्या जन्माची आणि पुढील वाटचालीची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

स्थूलतेकडे रोगाच्या दृष्टीनें पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'अष्टौनिन्दितीय' या नांवाचा एक अध्यायच आहे. शरीराच्या दृष्टीनें निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या माणसांचा त्यांत उल्लेख असून, त्यांपैकीं अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केला आहे. अतिस्थूल माणसाचें आयुष्य घटतें, त्याची चपळाई जाते, तो दुर्बळ होतो, त्यास घाम, भूक व तहान हीं अतोनात होतात, असें तेथें सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर स्थूलता व कृशता यांत निवड करावयाची झाल्यास उपचाराच्या दृष्टीनें कृशताच बरी, असा चरकाचा अभिप्राय आहे. खात्यापित्या घरच्या कौतुकाला शास्त्रानें असा फार पूर्वींच छेद दिला होता. सुश्रुतानें रोगपरीक्षेच्या साधनांत श्रोत्रेंद्रियाचीही गणना केली आहे, आणि पुढें शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेला स्थान मिळालें. तथापि छातीच्या आंतील हृदयाचा आवाज ऐकून त्याच्या रोगाचें निदान करावयाचें, हें शास्त्र मात्र युरोपांत आणि तेंही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उदयास आलें.

त्याची पूर्वपीठिका अशी कीं, ग्रीक वैद्य हिपॉक्रटीस याच्या परंपरेंतील ग्रंथांत रोग्याच्या छातीला कान लावून आंतील आवाज ऐकण्याचा उल्लेख आहे. पुढें कित्येक शतकें तिकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १७६१ सालीं व्हिएन्ना येथील लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरानें एक छोटेखानी लॅटिन पुस्तक प्रसिद्ध करून, छातीवर बोटांनीं ठोकून उमटणाऱ्या आवाजावरून आंतील रोग ओळखण्याची युक्ति सांगितली. हा गृहस्थ ग्राट्स शहरांतील एका खाणावळवाल्याचा मुलगा. बापाच्या तळघरांतील पिंपें ठोकून आंत मद्य किती उरलें तें तो पाहत असे आणि त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असें परंपरेनें सांगतात. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापडानें झांकलेल्या नगाऱ्यासारखा असतो, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ही उपमा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण कापड जितकें जाड तितका नगारा मुका, आणि स्थूल माणसाच्या छातीवरील कापड सर्वांत जाड असतें. औएनब्रुगरचें पुस्तक जवळजवळ अर्धें शतक उपेक्षेंत पडून होतें. १८०८ सालीं नेपोलियनचा वैद्य कॉर्विसार यानें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें, तेव्हां कुठें त्याकडे डॉक्टरांचें लक्ष वळलें.

याच कॉर्विसारच्या हाताखालीं रने लाएनेक हा तरुण शिकला. त्याचा जन्म १७८१ सालचा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील कॅंपेर गांवचा. पांच वर्षांचा असतांना त्याची आई गेली, आणि नांत शहरीं डॉक्टर असलेल्या चुलत्यानें त्याला वाढविलें. लाएनेकची प्रकृति तोळामासा. अंगानें तो अगदींच बारीक. त्याला बांसरी वाजविण्याचा छंद होता आणि लांकूड कातण्याचें कामही त्यास येत असे. बांसरी म्हणजे पोकळ नळींतून जाणारा आवाज आणि कातकाम म्हणजे ती नळी घडविण्याची कला. या दोन्ही गोष्टी पुढें त्याच्या उपयोगीं पडावयाच्या होत्या.

१८१६ सालीं लाएनेक पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत काम करूं लागला. त्याच वर्षीं त्याच्याकडे एक तरुण स्त्री आली. तिचीं लक्षणें हृदयविकाराचीं दिसत होतीं. लाएनेकनें हातानें चांचपून व बोटांनीं ठोकून पाहिलें, पण तिच्या स्थूलतेमुळें त्यांतून कांहींच निष्पन्न होईना. राहिला उपाय छातीला प्रत्यक्ष कान लावण्याचा. पण रोगी तरुण स्त्री, तेव्हां तेंही शिष्टसंमत नव्हतें. वैद्याच्या दोन वाटा चरबीनें अडविल्या होत्या आणि तिसरी मर्यादेनें. अशा पेंचांत सांपडला असतां त्याला ध्वनिशास्त्रांतील एक साधी गोष्ट आठवली. लांकडाच्या ओंडक्याच्या एका टोंकास कान लावला आणि दुसऱ्या टोंकास टांचणीनें खरवडलें, तर तो बारीक आवाज स्पष्ट ऐकूं येतो. त्यानें लगेच कागदांचा एक ताव-संच घेतला, त्याची घट्ट सुरळी केली, एक टोंक त्या स्त्रीच्या छातीवर टेकविलें आणि दुसऱ्यास आपला कान लावला. नुसता कान लावून पूर्वीं कधीं ऐकूं आले नव्हते इतके हृदयाचे ठोके त्यास स्वच्छ ऐकूं आले. अंगणांत मुलांना ओंडक्याशीं खेळतांना पाहून त्याला हें सुचलें, अशी एक गोड कथा पुढें रूढ झाली. पण लाएनेकनें स्वतः मात्र केवळ ध्वनिशास्त्रांतील त्या परिचित अनुभवाचाच उल्लेख केला आहे.

येथें क्षणभर थांबून त्या अनामिक स्त्रीचें ऋण मान्य केलें पाहिजे. ती जर सडपातळ असती, तर लाएनेकच्या हातानें आणि बोटांनींच भागलें असतें. निकड नसती तर कागदाची सुरळी झाली नसती. वैद्यकाच्या इतिहासांत ज्या रोग्यांनीं डॉक्टरांना हार खावयास लावून नवी वाट शोधण्यास भाग पाडलें, त्यांत या स्त्रीचें स्थान फार वरचें आहे. तिचें पुढें काय झालें यापेक्षां तिच्यामुळें इतरांचें काय झालें, हेंच जगानें लक्षांत ठेविलें.

कागदाच्या सुरळीवरून लाएनेक लांकडी नळकांड्याकडे वळला. सुमारें एक फूट लांब, दीड इंच जाड आणि मधोमध बारीक छिद्र असलेलें असें तें नळकांडें होतें. त्याचे दोन भाग मळसूत्रानें जोडतां येत. छातीकडील टोंकास खोलगट केलेलें असून त्यांत बसणारा एक वेगळा गट्टू असे. फुप्फुसांतील श्वासाचा आवाज ऐकावयाचा तर तो गट्टू काढावयाचा, आणि हृदय ऐकावयाचें तर तो बसवावयाचा. भिन्न आवाजांना भिन्न मुख लागतें, हें तत्त्व पहिल्याच उपकरणांत असें दिसून येतें. तीन वर्षें रोगी तपासून, आणि जे दगावले त्यांच्या शवविच्छेदनाशीं आपलीं निदानें ताडून पाहून, त्यानें १८१९ सालीं दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. छाती आणि पाहणें या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यानेंच या उपकरणास स्टेथॉस्कोप हें नांव दिलें. १८२१ सालीं जॉन फोर्ब्स यानें त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें; पण हें उपकरण सर्वत्र रूढ होईल कीं काय, याविषयीं खुद्द भाषांतरकारासच दाट शंका होती. डॉक्टरानें रोग्याच्या छातीवर लांकडी नळकांडें ठेवून गंभीरपणें ऐकत राहावें, हें दृश्य त्या काळीं कित्येकांना हास्यास्पद वाटे.

लाएनेकच्या पदरीं यश पडलें तें मुख्यतः फुप्फुसांच्या रोगांत. हृदयाच्या बाबतींत त्याच्याकडूनही चूक झाली. हृदयाचा पहिला ध्वनि खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, हें त्यानें बरोबर ताडलें. परंतु दुसरा ध्वनि वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, अशी त्यानें आपली समजूत करून घेतली. पुढील पिढीच्या संशोधकांनीं हे ध्वनि झडपा मिटण्याशीं निगडित असल्याचें दाखवून दिलें. ज्यानें ऐकण्याचें साधन दिलें, त्यालाही ऐकलेल्याचा अर्थ लावण्यांत चकावें लागलें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. ऐकणें आणि समजणें या दोन पायऱ्या आहेत. आणि चरबीचा पडदा आड येतो तो पहिल्या पायरीशींच. १८२६ सालीं, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, लाएनेक क्षयानें वारला. ज्या रोगाचे आवाज त्यानें जगाला ओळखावयास शिकविले, तेच आवाज त्याच्या नळीनें त्याच्या छातींत त्याच्याच नात्यांतल्या तरुण डॉक्टरानें ऐकले.

आतां हा पडदा नेमकें काय करतो, हें पाहूं. निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयाचें टोंक साधारणतः डाव्या बाजूच्या पांचव्या व सहाव्या बरगड्यांमधील जागेंत, गळ्याच्या हांसळीच्या मध्यावरून खालीं काढलेल्या रेषेजवळ आदळतें. किरकोळ माणसाच्या छातीवर तेथें हात ठेविला तर ठोका हाताला लागतो. कधीं कधीं नुसता डोळ्यांनींही दिसतो. स्थूल माणसाच्या छातीवर बरगड्याच हातीं लागत नाहींत, मग त्यांमधील जागा कोठून मोजणार? त्यांतून पोटांतील चरबीमुळें छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा वर रेटला जातो आणि हृदय कांहींसें आडवें पडतें. म्हणजे जेथें शोधावयाचें तेथें तें नसतें, आणि जेथें असतें तेथें सांपडत नाहीं.

दुसरी अडचण ध्वनीची. मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारें २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकूं येतात; परंतु त्यांतील खालच्या टोंकाच्या आवाजांना कान बराचसा बहिरा असतो. हृदयाच्या ठोक्यांची बहुतेक शक्ति नेमकी या खालच्या टोंकाशीं, सेकंदास दीडदोनशें कंपनांच्या आंत एकवटलेली असते. म्हणजे हृदय मुळांतच अशा हलक्या, खोल आवाजांत बोलतें कीं, तें निरोगी कानालाही जेमतेम ऐकूं यावें. त्यांत हृदय आणि नळी यांतील अंतर वाढलें, मध्यें मऊ चरबीचा थर आला, कीं तो आवाज आणखी मंदावतो. झडप नीट मिटत नसल्यास किंवा अरुंद झाल्यास रक्ताच्या खळबळीचा जो मर्मरध्वनि होतो, त्यांतील बारीक, उंच पट्टीचे सूर तर अशा थरांत सर्वांआधीं हरवतात. शेजारच्या खोलींत चाललेलें गाणें भिंतीआडून ऐकावें, तर ठेका कानीं पडतो पण शब्द कळत नाहींत, तसाच हा प्रकार.

यांतील खरा धोका मात्र निराळाच आहे. हृदयाचे ठोके मंद ऐकूं येण्याचें कारण केवळ चरबीच असतें असें नाहीं. हृदयाभोंवतालच्या पिशवींत पाणी सांचलें तरी ठोके मंदावतात. जुनाट दम्याच्या विकारानें फुप्फुसें फुगून हृदयावर आलीं तरीही तसेंच होतें. म्हणून स्थूल रोग्याच्या छातीवरील शांततेचे दोन चुकीचे अर्थ लागूं शकतात. एक डॉक्टर म्हणेल, चरबीच आहे, दुसरें कांहीं नाहीं. आणि आंतला खरा रोग तसाच राहून जाईल. दुसरा म्हणेल, ठोके मंद आहेत, हृदय दुबळें झालें आहे. आणि धडधाकट माणूस उगाच अंथरुणाला खिळेल. ऐकूं आलें नाहीं म्हणजे नाहींच असें नव्हे, हा या शास्त्रांतील पहिला धडा आहे. आणि ऐकूं आलें नाहीं म्हणजे कांहीं तरी आहेच असेंही नव्हे, हा दुसरा.

या अडचणीवर मात करण्याचे प्रयत्न लाएनेकच्या मागून अव्याहत चालू राहिले. १८५१ सालीं आर्थर लिअर्ड या आयरिश डॉक्टरानें दोन्ही कानांना लावावयाची नळी लंडनच्या प्रदर्शनांत मांडली, आणि पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यानें तसें सोयीचें उपकरण घडविलें. दोन्ही कान गुंतले म्हणजे बाहेरचा गलबला आपोआप बंद होतो, हा त्यांतील मोठा लाभ. १८९४ सालीं बोल्स या अमेरिकन गृहस्थानें छातीवर टेकवावयाच्या भागास ताठ पातळ पडदा बसविला. हा पडदा घट्ट दाबून धरला असतां उंच पट्टीचे सूर उठून दिसतात. उलट नुसती उघडी वाटी हलकेच टेकविली असतां खोल, गंभीर सूर ऐकूं येतात. १९२६ सालीं बॉस्टनच्या हॉवर्ड स्प्रेग यानें पडदा व वाटी एकाच उपकरणांत आणलीं. लाएनेकच्या नळकांड्यांतील काढघाल करण्याच्या गट्टूचाच हा सुधारलेला अवतार म्हणतां येईल. पुढें विजेच्या साह्यानें आवाज मोठा करणारे स्टेथॉस्कोपही निघाले. परंतु रेडिओच्या श्रोत्यांना ठाऊकच आहे कीं, दूरच्या केंद्राचा आवाज मोठा करावा तों खरखरही मोठी होते. छातीवरील केस, कपडा, पोटांतील गुरगुर, श्वास हीं सारीं त्याबरोबर मोठीं होतात. म्हणून यंत्रापेक्षां युक्तीचाच आश्रय डॉक्टरांना आजही अधिक घ्यावा लागतो. डाव्या कुशीवर वळविलें म्हणजे हृदयाचें टोंक छातीच्या भिंतीजवळ येतें. बसवून पुढें वांकविलें आणि श्वास सोडून रोखावयास सांगितलें, म्हणजे मुख्य धमनीच्या झडपेचा आवाज जवळ येतो. ज्या जागीं चरबी कमी ती जागा निवडावी, नळी कपड्यावरून न लावतां उघड्या त्वचेवर लावावी, खोलींत शांतता ठेवावी आणि घाई करूं नये. डॉक्टर इतके वेळ कां ऐकतात, या घरच्यांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

ही विद्या आपल्या प्रांतीं कशी आली, तेंही पाहण्यासारखें आहे. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. त्याचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांनीं एडिंबरोनंतर पॅरिस येथें, लाएनेकच्या मागल्या पिढींतील लुई या विख्यात वैद्याजवळ शिक्षण घेतलें होतें. रोग्याच्या खाटेशीं उभें राहून, तपासून, टिपून ठेवून शिकावयाचें, ही पॅरिसची रीत त्यांनीं जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत रुजविली. १८५१ सालीं या कॉलेजांतून पहिली तुकडी बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या पहिल्या पदवीधरांपैकींच. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें. त्यामुळें वैद्यकीय शिक्षणाचा वऱ्हाडचा ओढा पुढें नागपूरकडे राहिला. १९१४ सालीं नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल व १९४७ सालीं मेडिकल कॉलेज निघालें. पुढें अमरावतीस १९८४ सालीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवानें आणि अकोल्यास २००२ सालीं सरकारी असें वैद्यकीय महाविद्यालय झालें. नळी कशी लावावी हें शिकण्यासाठीं वऱ्हाडच्या मुलांना वऱ्हाड सोडण्याची गरज उरली नाहीं.

लाएनेकपुढें जो दुहेरी पेंच पडला होता, तो आपल्या समाजाला तर फारच ओळखीचा. परपुरुषानें स्त्रीच्या छातीला हात लावणें हें जेथें अशक्यप्राय, तेथें कान लावण्याची गोष्टच नको. नळीमुळें डॉक्टर आणि स्त्री रोगी यांत वीतभर अंतर राहिलें आणि तपासणी शक्य झाली. तरीही पुष्कळ घरांत नळी लागे ती लुगड्यावरून व चोळीवरून. म्हणजे चरबीच्या पडद्यावर कापडाचा आणखी एक पडदा. १८८५ सालीं स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांचा फंड निघाला. अमरावतीचें स्त्रियांचें रुग्णालय अजूनही लोकांच्या तोंडीं 'डफरीन' आहे, आणि अकोल्याचें 'लेडी हार्डिंग'. अशा प्रसूतिगृहांत नळीचा आणखी एक उपयोग रोजचा आहे. १८२१ सालीं केरगारादेक या फ्रेंच डॉक्टरानें मातेच्या पोटाला स्टेथॉस्कोप लावून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकल्याचें जाहीर केलें. माता स्थूल असली म्हणजे तेही ठोके सांपडतां सांपडत नाहींत, आणि त्या वेळीं शोधणाऱ्या परिचारिकेच्या हातांत एक नव्हे, दोन जीव असतात.

नळीनंतर आलेल्या उपकरणांना तरी चरबीनें सोडलें काय? १८९६ सालीं इटलीच्या रिव्हा-रोच्ची यानें दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें यंत्र काढलें. त्याचा पट्टा अरुंद होता. १९०१ सालीं फॉन रेक्लिंगहाउझेन यानें दाखवून दिलें कीं, अरुंद पट्ट्यानें दाब खऱ्यापेक्षां जास्त दिसतो, आणि दंड जितका जाड तितकी ही चूक मोठी. १९०५ सालीं रशियन डॉक्टर कोरोत्कॉव्ह यानें पट्ट्याच्या खालीं स्टेथॉस्कोप लावून दाब मोजण्याची आजची रीत घालून दिली. तरी पट्ट्याच्या मापाचा प्रश्न सुटला नाहीं. जाड दंडास नेहमींचा पट्टा बांधला तर निरोगी माणसासही रक्तदाबाचा रोगी ठरविलें जातें. हृदयाच्या विद्युल्लहरींचा आलेख काढतां येऊं लागला. स्थूल छातीवर त्या आलेखाची उंचीही कमी भरते. १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं कानाला न ऐकूं येणाऱ्या ध्वनिलहरी हृदयावर सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपली. यामुळें हृदयपरीक्षेंत क्रांति झाली आणि कानाला न सांपडणारे झडपांचे दोष डोळ्यांना दिसूं लागले. तथापि त्या लहरीही चरबींतून जातांना क्षीण होतात व चित्र धूसर येतें. पॅरिसच्या त्या स्त्रीनें लाएनेकला घातलेलें कोडें दोनशें वर्षांत प्रत्येक नव्या यंत्राला पुन्हा नव्यानें सोडवावें लागलें आहे.

या कोड्याची दुसरी बाजू पाहावयास वऱ्हाडाबाहेर जाण्याची गरज नाहीं. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटाचे डोंगर आहेत. चिखलदरा व धारणी तालुक्यांतील कोरकू मुलांचें कुपोषण १९९० नंतरच्या दशकांत साऱ्या महाराष्ट्रासमोर आलें. अशा हाडकुळ्या मुलाच्या छातीला नळी लावली म्हणजे हृदय जणूं कानांतच बोलूं लागतें. पातळ छातीच्या निरोगी मुलांतही एक निरुपद्रवी मर्मरध्वनि पुष्कळदां ऐकूं येतो; अंगांत रक्त कमी असलें, म्हणजे रक्ताचा प्रवाह वेगवान होऊन तो वाढतो. त्यास झडपेचा रोग समजणें ही चूक, आणि सांधेतापानें खरोखर बिघडलेल्या झडपेचा आवाज निरुपद्रवी समजणें ही त्याहून मोठी चूक. एकाच जिल्ह्यांत, बाजारपेठेच्या गांवीं डॉक्टरांना फार कमी ऐकूं येतें आणि डोंगरांतल्या पाड्यावर फार जास्त. चरकानें अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांना एकाच अध्यायांत शेजारीं कां बसविलें, याचा हा एक नवाच अर्थ नळीनें दाखवून दिला. दोन्हीं टोंकांना शरीर आपली खरी हकीकत सांगूं शकत नाहीं. एक ती दडवितें, दुसरें ती फुगवून सांगतें.

अमरावतीनें या प्रश्नाला आपल्या परीनें एक उत्तर फार पूर्वींच दिलें होतें. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं तेथें हनुमान आखाडा काढला. तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आला, आणि १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सोहळ्याच्या वेळीं या मंडळाच्या पथकानें आपले देशी व्यायामप्रकार तेथें करून दाखविले. मल्लखांब, लेझीम, कुस्ती यांचा हेतु हृदयपरीक्षा सोपी करणें हा नव्हता हें उघड आहे. परंतु शरीर बेताचें राहावें, घाम कष्टानें यावा, दम चालण्यानें लागूं नये, हा जो त्यांचा परिणाम, तोच डॉक्टरांच्या कानाला आणि रोग्याच्या आयुष्याला सारखाच हितकर आहे.

तथापि जो माणूस आज स्थूल आहे, त्यास 'आधीं वजन उतरवा, मग तपासूं' असें म्हणून चालत नाहीं. हृदयाची धडधड थांबून वाट पाहत नाहीं. स्थूल माणसाला हृदयाचे विकार, रक्तदाब व मधुमेह जडण्याचा संभव अधिक. म्हणजे ज्याचें हृदय ऐकणें सर्वांत आवश्यक, त्याचेंच ऐकणें सर्वांत कठीण. अशा वेळीं रोग्याला दोष देऊन नळी खालीं ठेवणें सोपें असतें. लाएनेकलाही तें सोपें होतें. हात चालेना, बोटें चालेनात, कान लावतां येईना. या बाईचें कांहीं कळत नाहीं, असें म्हणून त्याला तिची बोळवण करतां आली असती. त्यानें तसें केलें नाहीं. जवळ पडलेल्या कागदांची त्यानें सुरळी केली.

यंत्रें बदललीं, आणखीही बदलतील. पण त्या दिवशीं नेकेर रुग्णालयांत जें घडलें, त्याचें मर्म कागदांत नव्हतें आणि लांकडांतही नव्हतें. शरीर बोलत नाहीं असें वाटलें तेव्हां, आपलेंच ऐकणें कमी पडत असेल अशी शंका एका वैद्याला आली, हें त्याचें मर्म. डॉक्टरांनीं डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखावयास सांगून पुन्हा एकदां नळी लावली, म्हणजे घरच्यांनीं घाबरून जाऊं नये. त्या छातीवर तीच दोनशें वर्षांपूर्वींची शंका पुन्हा एकदां प्रामाणिकपणें तपासली जात असते.